ओट्यापासून अंगणापर्यंत

खुब्याचं ऑपरेशन दवाखान्यात होतं, पण माणूस पुन्हा चालायला लागतं ते घरात. घरातल्या वडीलधाऱ्यांना पुन्हा पायावर उभं करताना काय करावं, काय टाळावं आणि पुढचं पडणं कसं वाचवावं, याचा हा घरचाच अनुभव.

पहाटेचे साडेचार वाजले असतील. रात्रभर पाऊस, त्यात लाईट गेलेली. मोरीतून धप्पकन आवाज आला आणि पाठोपाठ तांब्या घरंगळल्याचा. धावत गेले तर सासूबाई मोरीच्या कट्ट्याशी आडव्या पडलेल्या. ''अगं, काही झालं नाही मला, नुसता हात दे,'' म्हणत होत्या. हात दिला, पण उठता येईना. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं.

सासूबाईंचं वय ७६. तोवर घरातली पहिली चहाची आधणं त्यांचीच असायची. विट्याहून सांगलीला नेईपर्यंत त्या एकच विचारत होत्या, ''आता मी चालणार नाही का गं?'' आणि माझ्या मनात दुसरंच चाललेलं. आदल्या रात्री मोरीत कपडे भिजवून ठेवले होते ते मी. साबणाचं पाणी फरशीवर सांडलं होतं, ते 'सकाळी बघू' म्हणून तसंच सोडलं होतं तेही मीच. मैत्रिणींनो, हे मी कितीतरी दिवस कुणाला बोलले नव्हते. आज लिहिते आहे, कारण अशी 'सकाळी बघू' म्हणून सोडलेली फरशी तुमच्याही घरात असू शकते.

तेल-मालीश की एक्स-रे?

शेजारच्या काकूंनी मायेनं सांगितलं, ''लचकलं असेल, तेल लावून शेकून काढू.'' कुणी हाडवैद्याचं नाव सुचवलं. पण म्हातारं माणूस पडलं, खुब्यात किंवा जांघेत दुखतंय, पायावर भार घेता येत नाही, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतोय, अशा वेळी चोळायचं नाही, ओढायचं नाही आणि बळंच उभंही करायचं नाही. आहे तसं झोपवून, पायाला उशांचा आधार देऊन सरळ एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात न्यायचं. कधीकधी हाडाला नुसती भेग असते, माणूस लंगडत दोन पावलं चालतंही. म्हणून 'चालली ना, मग मोडलं नसेल' असं धरून चालू नये.

मांडीचं हाड वरच्या टोकाला जिथं कंबरेच्या वाटीत बसतं, तो खुबा. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं झपाट्यानं ठिसूळ होत जातात. वरून काही कळत नाही. एक दिवस उभ्या उभ्या घसरण्याचं निमित्त होतं आणि हाड मोडतं. अशा बहुतेक रुग्णांना ऑपरेशन लागतं आणि तब्येत साथ देत असेल तर ते दोन दिवसांच्या आत व्हावं असा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. कारण महिना-दोन महिने पलंगावर खिळून राहिलं की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. जगभरचा अनुभव असा, की खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण चार-पाचांतलं एक माणूस वर्षभरात जातं. ते मोडलेल्या हाडानं जातं असं नाही. आधीची दुखणी असतात आणि अंथरुणाला खिळल्यावर मागं लागणारी नवी दुखणी असतात.

खर्चाच्या धास्तीनंही घरं थांबतात. त्यासाठी एक माहिती हवीच. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. आधार कार्डावरून हे कार्ड निघतं. पडण्याची वाट न बघता आजच काढून ठेवा.

दुसऱ्या दिवशी उभं केलं!

सासूबाईंच्या हाडाची मान मोडली होती. डॉक्टरांनी मोडलेला गोळा काढून धातूचा बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपीवाली एक तरुण मुलगी वॉकर घेऊन हजर! ''चला आजी, उभं राहायचं.'' आमचे तर डोळेच पांढरे झाले. हे म्हणाले, ''अहो, कालच ऑपरेशन झालंय!'' ती हसून म्हणाली, ''म्हणूनच. आज नाही उठल्या तर उद्या जास्त जड जाईल.''

त्या दिवशी सासूबाई जेमतेम मिनिटभर उभ्या राहिल्या. घामाघूम झाल्या, पण उभ्या राहिल्या. आता बहुतेक ठिकाणी हीच पद्धत आहे. मात्र पायावर किती भार द्यायचा हे ऑपरेशन कसलं झालं त्यावर ठरतं. गोळा बदललेल्यांना बहुधा लगेच भार देता येतो; रॉड किंवा पट्टी-स्क्रू बसवलेल्यांना कधी थोडं थांबायला सांगतात. म्हणून घरी येताना डॉक्टरांना चार प्रश्न नक्की विचारा आणि उत्तरं कागदावर लिहून घ्या: भार किती द्यायचा? किती वाकलेलं चालेल? कुठले व्यायाम, किती वेळा? पुन्हा कधी दाखवायचं?

आमचं चुकलं ते इथं

सहाव्या दिवशी घरी आलो. भेटायला येणाऱ्यांची रीघ. जो तो एकच सांगे, ''आता काही करू नका हं, सुनेच्या हातचं खा आणि आराम करा.'' आम्हीही तेच केलं. पाणी हातात, जेवण हातात. वॉकर कोपऱ्यात उभा, त्यावर टॉवेल वाळत घातलेला! पुन्हा पडल्या तर काय, या भीतीनं मी त्यांना पलंगावरून खाली पाय टेकू देत नव्हते. खरं सांगायचं तर मला माझ्या चुकीची भरपाई करायची होती.

दोन आठवड्यांनी टाके काढायला गेलो तेव्हा त्यांना खुर्चीतून उठता येईना. मांडी हाताला पोकळ लागत होती. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, ''ताई, तुम्ही सेवा खूप केलीत, पण पाय वापरलेच नाहीत तर ते त्यांचे राहणार नाहीत.'' मला रडूच आलं. पण ते ऐकलं हे बरं झालं.

त्या दिवसापासून घरात नियम केला. जे त्यांना येतं ते त्यांनीच करायचं. आपण शेजारी उभं राहायचं, हात पुढं ठेवायचा, पण ओढायचं नाही.

व्यायाम – पलंगावर, खुर्चीत, ओट्यापाशी

हे व्यायाम डॉक्टरांची किंवा फिजिओथेरपिस्टची परवानगी घेऊनच करायचे. त्यांनी एकदा समोर करून दाखवले की घरात करणं सोपं जातं.

पलंगावर: दोन्ही पावलं वर-खाली हलवायची, दर तासाला दहा-पंधरा वेळा. यानं पायातलं रक्त फिरतं राहतं. मग गुडघा पलंगाला दाबून मांडी घट्ट करायची, पाच आकडे मोजून सोडायची. टाच पलंगावरून घसरत हळूच जवळ आणायची आणि लांब न्यायची. डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढंच वाकवायचं.

खुर्चीत: हात असलेली, भक्कम, जरा उंच खुर्ची घ्यायची. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची नको, ती मागं सरकते. पाठ टेकून एकेक पाय समोर सरळ करायचा, थांबायचा, खाली ठेवायचा. आणि सगळ्यात उपयोगी व्यायाम म्हणजे खुर्चीतून उठणं आणि बसणं. आधी दोन्ही हातांनी दांडे धरून, ताकद आली की एका हातानं, मग फक्त पायांच्या जोरावर. पाच वेळांपासून सुरुवात करायची. संडासातून उठणं, एसटीत सीटवरून उठणं, सगळं यावरच अवलंबून असतं.

ओट्यापाशी: स्वयंपाकघरातला ओटा म्हणजे आपल्या घरातली आयती जिम! दोन्ही हातांनी ओट्याची कड धरून टाचा उचलायच्या, खाली ठेवायच्या. मग एकेक पाय कुशीच्या बाजूला सरळ उचलायचा, नंतर मागं. गुडघे थोडेसेच वाकवून पुन्हा सरळ व्हायचं. हे दहा-दहा वेळा जमायला लागलं की ओट्याच्या कडेकडेनं आडवं चालायचं, चार पावलं इकडं, चार पावलं तिकडं.

तोलासाठी: ओटा धरून एका पावलाच्या पुढं दुसरं पाऊल ठेवून दहा आकडे उभं राहायचं. पुढं एका पायावर. मागं खुर्ची आणि शेजारी घरातलं कुणीतरी हवंच. हात सोडायची घाई करू नये.

आमच्याकडं सकाळी कुकर लावला की हा वर्ग सुरू व्हायचा. तीन शिट्ट्या होईपर्यंत आईंचे टाचा उचलून व्हायचे. मी पोळ्या लाटत मोजायची, त्या मध्येच म्हणायच्या, ''सात झाले, तू पाचच म्हणतेस, लबाड!''

थोडं दुखणं, ओढल्यासारखं वाटणं हे होतंच. पण दुखणं तासा-दोन तासांनीही कमी होत नसेल तर दुसऱ्या दिवशी व्यायाम निम्म्यावर आणायचा, बंद करायचा नाही.

नुसतं चालणं पुरत नाही

'रोज चालते की मी' असं आपण म्हणतो. चालणं चांगलंच, पण पडणं टाळायचं तर पायांची ताकद आणि तोल दोन्ही हवं. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी घरच्या घरी करायचे असेच व्यायाम आखले. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ८० वर्षं आणि त्यावरच्या २३३ बायका होत्या. ८० वर्षांवरच्या! पुढं अशा चार अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला तेव्हा व्यायाम करणाऱ्यांचं पडणं ३५ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. व्यायाम कसले, तर वर सांगितले त्याच जातीचे. आठवड्यातून तीनदा, अर्धा अर्धा तास, आणि जोडीला जमेल तेवढं चालणं.

खुबा मोडलेल्यांचाही अनुभव असाच. २०१४ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीचे उपचार संपलेल्या २३२ रुग्णांपैकी काहींना सहा महिने घरी खुर्चीतून उठणं, पायरी चढणं अशा रोजच्या हालचालींचे व्यायाम दिले. त्यांची हालचाल इतरांपेक्षा सुधारली. म्हणजे ऑपरेशनला चार-सहा महिने होऊन गेले म्हणून 'आता काय उपयोग' असं म्हणायचं कारण नाही.

काठी कुठल्या हातात?

वॉकर सुटला की काठी येते. बहुतेक जण ती दुखऱ्या पायाच्या बाजूला धरतात. ते चूक. दुखरा पाय उजवा असेल तर काठी डाव्या हातात. उजवं पाऊल आणि काठी एकदम पुढं पडते आणि भार वाटला जातो. काठीची मूठ मनगटाच्या उंचीला यावी आणि खालचं रबर झिजलं की बदलावं. दहा-वीस रुपयांच्या रबरापायी पुन्हा खुबा मोडायला नको.

पायऱ्यांचा नियम सोपा: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय. सासूबाईंनी तो आपल्या भाषेत लक्षात ठेवला, ''वर जाताना शहाणा पुढं, खाली येताना खुळा पुढं.''

गोळा बदललेला असेल तर डॉक्टर सांगतील तोवर जमिनीवर, पाटावर, खाली बाजेवर बसायचं नाही. पायावर पाय टाकायचा नाही. खाली पडलेली वस्तू वाकून उचलायची नाही. बसताना गुडघे कंबरेपेक्षा वर जाता कामा नयेत. भारतीय पद्धतीच्या संडासावर कमोडची खुर्ची ठेवली की काम भागतं. ती मेडिकलच्या दुकानात मिळते, काही ठिकाणी भाड्यानंही मिळते.

पडण्याआधीचं पडणं

एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. ओट्यापाशी गप्पा मारताना आई एकदा बोलून गेल्या, ''तसं मी आधी दोनदा पडले होते की. एकदा परसात, एकदा पलंगाजवळ.'' मी चमकले. ''मग सांगितलं का नाही, आई?'' तर म्हणाल्या, ''सांगितलं असतं तर तुम्ही मला घरात बसवलं असतं.''

काय बोलणार? बसवलंच असतं. म्हणून म्हणते, घरातल्या म्हाताऱ्या माणसानं 'पडले' असं सांगितलं तर आधी रागावू नका. एकदा पडलेलं माणूस पुन्हा पडण्याची शक्यता जास्त असते आणि का पडलं ते शोधायची तीच वेळ असते.

आम्ही शोधलं तेव्हा बरंच निघालं. त्या रात्री झोपेची गोळी घ्यायच्या, शिवाय बीपीची. पहाटे एकदम उठल्या की डोळ्यांपुढं अंधारी यायची. डॉक्टरांनी गोळ्या तपासून काही बदलल्या (आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत हं!). आता त्या उठताना आधी पलंगाच्या कडेला बसतात, पावलं दहा वेळा हलवतात, मग उभ्या राहतात. एका डोळ्यात मोतीबिंदू होता, तोही काढून घेतला.

आणि उपास! चातुर्मासात आठवड्यातून तीन दिवस साबुदाणा आणि चहा. स्नायू कशावर टिकणार? डॉक्टरांनी दूध, दही, डाळी, उसळी, नाचणी, तीळ वाढवायला सांगितलं. खात असाल तर अंडं. डी जीवनसत्त्व आणि कॅल्शियम सुरू झालं. शिवाय हाडांच्या ठिसूळपणावर वेगळं औषध असतं; आठवड्याची गोळी असते, वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शनही असतं. खुबा मोडल्यावर हा विषय अनेकदा राहून जातो, कारण सगळ्यांचं लक्ष ऑपरेशनकडं. 'दुसरं हाड मोडू नये म्हणून काय द्याल?' असं आपणच डॉक्टरांना विचारावं.

एकदा घरातून फिरून या

संध्याकाळी लाईट बंद करून पलंगापासून संडासापर्यंत चालत जा. कुठं ठेच लागते ते लगेच कळेल.

- मोरी, न्हाणीघर रोज रात्री घासून, पुसून कोरडं करा. भिंतीत घट्ट बसवलेली दांडी हवी. टॉवेलची दांडी धरण्यासाठी नसते, ती निखळते.
- घसरणारी पायपुसणी, सतरंजीची उचललेली कड, लोंबकळती वायर, मुलांची खेळणी वाटेतून काढा.
- उंबरठ्याच्या कडेला पिवळा किंवा पांढरा रंगाचा पट्टा ओढा म्हणजे अंधुक उजेडातही दिसतो.
- वाटेत छोटा नाइटलॅम्प आणि उशाशी बॅटरी. लाईट जाण्याचा काय भरवसा?
- पावसाळ्यात अंगणातलं, नळाजवळचं शेवाळ खरवडून काढा.
- साडी पायात येईल इतकी खाली नको. सैल स्लिपरऐवजी मागं पट्टा असलेली, तळ न घसरणारी चप्पल वापरा. ओल्या फरशीवर नुसते मोजे घालून चालू नये.
- रोज लागणारे डबे कंबर ते खांद्याच्या उंचीवर ठेवा. स्टुलावर चढणं बंद.

हे दिसलं तर थांबू नका

पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक धाप किंवा छातीत दुखणं, जखमेतून पाणी किंवा पू, ताप, खुब्यात एकाएकी कळ येऊन पाय टेकता न येणं, पाय पुन्हा आखूड दिसणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

भीती मनातली

पाय सुधारला तरी भीती लवकर जात नाही. तीन महिने झाले तरी सासूबाई मोरीच्या दारात थबकायच्या. एकदा मी धीर करून सांगून टाकलं, ''आई, त्या रात्री साबणाचं पाणी माझ्याकडून सांडलं होतं.'' त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ''आणि मी अंधारात बॅटरी न घेता उठले होते. चल, दोघी मिळून आत जाऊ.'' त्या दिवशी त्यांनी नव्या दांडीला धरून पहिल्यांदा एकटीनं आंघोळ केली. मी दाराबाहेर उभी.

सगळं पहिल्यासारखं झालं का? नाही. खुबा मोडलेल्यांपैकी साधारण निम्मेच पहिल्यासारखे चालू शकतात, असं डॉक्टर सांगतात. आईंना काठी लागते. पंगतीला खाली बसता येत नाही, रांगोळी आता मी काढते आणि त्या खुर्चीत बसून चुका काढतात. पण पहाटेचं आधण पुन्हा त्यांचं झालंय.

संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला त्या काठी टेकत चार घरं जाऊन आल्या. ऑपरेशनला तेव्हा साडेपाच महिने झाले होते. परत आल्या तेव्हा अंगण ओलं होतं, मी नुकताच सडा टाकलेला. त्या फाटकाशी थांबल्या आणि म्हणाल्या, ''अगं, आधी ते पाणी काढ, मग मी येते.''

मी निमूट खराटा घेतला.